तीन नंबरची जागा

हमीदचाचा, आधी कबुली देते, रडायचं मग बघू. तुम्हीच म्हणायचात, "वैशाली, मागं रांग हाय, कामाचं बोल." तर कामाचं असं, की तुमचा इम्रान तुमच्या मातीला पोचू शकला नाही, आणि त्याला अडवणारा शब्द मी लिहिला होता.

तुम्हाला जाऊन आज बारा दिवस झाले. भोसरीतलं तुमचं बुकिंग काउंटर बंद आहे. शेजारच्या वर्कशॉपवाल्यानं तुमच्या शटरसमोर स्वतःची स्कूटर लावायला सुरुवात केली होती. परवा मी त्याला ती काढायला लावली. तो म्हणाला, "ताई, आता हितं कोन येनारे?" मी म्हटलं, मी येणार आहे. बोलले रागाच्या भरात, पण बोलून झाल्यावर कळलं की ते खरंच आहे.

तुमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या हातात वही होती आणि डोक्यात हवा. आमची कंपनी म्हणजे मोशीतल्या एका दातांच्या दवाखान्याच्या वर बसणारी सहा माणसं. निखिलनं ती काढलेली, मी त्यात डिझाइन करणारी. चाकण-भोसरीच्या कारखान्यांत राबणाऱ्या माणसाला लातूर, उदगीर, नांदेडकडे गावी जायची खाजगी बस फोनवरून बुक करता यावी, एवढाच आमचा धंदा. कुठलं बटण कुठे, आधी काय विचारायचं, मग काय, हे ठरवणं माझं काम. खरं बुकिंग कसं होतं ते बघायला म्हणून तुमच्याकडे आले. तुम्ही स्टूल पुसून दिलंत आणि विचारलंत, "गाव कुठलं तुझं?"

"मोशी."

"अगं, मोशी हितं आठ मिनिटांवर. मी गाव विचारलं."

"तेच गाव आहे, चाचा. आम्ही मूळचे तिथलेच."

तुम्ही चष्मा काढून हसलात. "म्हणजे जिला कधी गावाला जावंच लागत न्हाई, ती लोकांना गावाला पाठवायचं मशीन बनवणार."

मला राग आला होता. घरी जाऊन आबांना सांगितलं, तर तेही तुमच्याच बाजूचे निघाले. "बराबर बोलला त्यो," आबा म्हणाले. "आमी कुटं जानार? आमचं गाव हितंच हाय. गाडी पकडून घरी जायचं म्हंजी काय, ते आपल्याला न्हाई ठावं." तेव्हापासून मी रोज संध्याकाळी तुमच्या स्टुलावर. तुमच्या त्या टोमण्याखातर म्हणा हवं तर.

खरं सांगते, माझ्या ॲपमध्ये जे काही धड आहे ते तुमच्या काउंटरवरून उचललेलं आहे. मी पहिल्या स्क्रीनवर नाव विचारत होते. तुम्ही म्हणालात, "माणूस आधी कुठं जायचं ते सांगतो. नाव त्यानंतर, तेही विचारलं तर." बघितलं तर खरंच तसं होतं. खिडकीशी येणारा प्रत्येक जण "अहमदपूर", "जळकोट", "शिरूर ताजबंद" असंच बोलत यायचा. मी नाव शेवटी नेलं. थांब्यांची नावं मी नकाशावरून घेतली होती, ती तुम्ही खोडलीत आणि लोक ज्या नावानं ओळखतात ती लिहिलीत: कमानीपाशी, वजनकाट्यापाशी, जुन्या नाक्याच्या अलीकडे. माझ्या शिक्षणाचं तुम्ही पाणी पाणी केलंत, पण चहाही पाजलात, खारीसकट.

आणि तुमची पेन्सिल. रोजच्या गाडीचा एक कागदी चार्ट, त्यात सीटचे चौकोन, चौकोनात पेन्सिलीनं नावं. मी म्हणायचे पेन वापरा. तुम्ही म्हणायचात, "कंपनी सुट्टी देते आणि काढून घेते. पेननं लिहिलं तर रोज कागद फाडावा लागेल." इथे मात्र मी हरलेले नाही, चाचा, अजूनही सांगते. त्या पेन्सिलीच्या जोरावर तुम्ही दिवाळीत दोन कुटुंबं एकाच सीटवर बसवली होतीत आणि मुखेडची ती बाई तुम्हाला काय काय बोलली ते मी स्वतः ऐकलंय. त्या दिवशी तुम्ही माझ्याकडे बघत नव्हता. माझं ॲप असं करत नाही.

ते दुसरंच काहीतरी करतं.

तुमचे जुने चार्ट मी फोटो काढून नेले होते. सगळ्या चार्टांवर तीन नंबरच्या चौकोनात नाव नव्हतं, नुसतं गोल केलेलं होतं. मी डोकं लावलं: सीट मोडकी असणार. ॲपमध्ये तशी नोंद केली, "नादुरुस्त, विकू नये". पुढे एकदा भगवानशी, तुमच्या उदगीर गाडीच्या ड्रायव्हरशी बोलताना विचारलं की तीन नंबर दुरुस्त का करत नाही. तो म्हणाला, "तीन नंबरला काय झालंय? एकदम फस्क्लास हाय." झालं. मी ऑफिसला जाऊन सांगितलं की प्रत्येक गाडीत एक सीट उगाच रिकामी जात होती, ती मी शोधून काढली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. निखिलनं सामोसे मागवले. मी दोन खाल्ले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक मुलगा मोबाइलवरचं तिकीट नाचवत आला आणि तीन नंबरवर जाऊन बसला. तुम्ही चार्ट बघितलात, मग मला बघितलंत. आधी गाडी मार्गी लावलीत. मग म्हणालात, "ती जागा कुणी उघडली?"

त्या दिवशी तुम्ही मला सांगितलंत. मला माहीत नव्हतं असं मी आज म्हणू शकत नाही, चाचा, मला सगळं माहीत होतं. गाडी राजगुरुनगरहून निघते, चाकण, मोशी करत भोसरीला येते, भोसरी हा इकडचा शेवटचा थांबा. तोवर तीन नंबर द्यायची नाही, कारण ह्या पट्ट्यात रोज कुणाला तरी घरून फोन येतो. आई गेली, भाऊ गेला. तो माणूस शिफ्ट सोडून, अंगावरच्या कपड्यांनिशी येतो. त्याला "फुल" म्हणायचं नाही.

"पण तीनच का?" मी विचारलं होतं.

"तिथं बसला की भगवानच्या आरशात दिसतो," तुम्ही म्हणालात. "मागं बसवलं तर अंधारात एकटाच रडतो. पुढं असला तर भगवान त्याच्यावर नजर ठेवतो, चहाला गाडी थांबली की हाताला धरून उतरवतो. दार जवळ, गाव आलं की पहिला उतरतो. घरी लोक थांबलेले असतात."

मी काय म्हटलं ते तुम्हाला आठवत असेल. मी म्हटलं, कल्पना छान आहे, दुसऱ्या व्हर्जनमध्ये घेऊ. खोटं कारण सांगून कुणी सीट लाटेल, त्याचा विचार करावा लागेल, पुरावा काय मागायचा ते ठरवावं लागेल.

"आईला मारून जागा मागणारा एखादा भेटेल," तुम्ही म्हणालात. "भेटू दे. त्याचं तो बघून घेईल. मी कुणाला कागद मागत न्हाई."

"तुम्हाला चेहरा दिसतो, चाचा. ॲपला दिसत नाही."

"मग माणूस ठेव."

"सगळीकडे माणूस ठेवायचा तर ॲप कशाला?"

तेव्हा तुम्ही पेन्सिल कानावर खोचलीत आणि म्हणालात, "तुझं दुसरं व्हर्जन येईपर्यंत लोक मरायचे थांबणारेत का?"

मी वही मिटून निघाले. दुसऱ्या दिवशी येताना घाबरत आले, तर स्टूल पुसलेलं होतं आणि चहा सांगितलेला होता. तो विषय तुम्ही परत काढला नाहीत. मला वाटलं, पटलं म्हाताऱ्याला. मी जिंकले असं समजून आठ महिने मी तुमचा चहा पीत होते.

मग तुम्ही पुतण्याच्या लग्नाला उदगीरला गेलात. शटर ओढताना मला म्हणालात, "चार दिवस काउंटर बंद. तुझं ॲप हायच की." टोमणा होता की विश्वास, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आता विचारायचं कुणाला. चौथ्या दिवशी दुपारी जेवून आडवे झालात आणि उठलाच नाहीत. मला हे दुसऱ्या दिवशी सकाळी भगवानच्या फोनवरून कळलं. मी ऑफिसात होते. एका बटणाचा रंग हिरवा ठेवायचा की निळा, ह्यावर बोलणं चाललं होतं. मी उठून जिन्यात जाऊन बसले. खालून दातांच्या मशीनचा आवाज येत होता.

इम्रान परत आल्यावर मी त्याच्या चाकणच्या खोलीवर गेले. तुमचे डोळे आहेत त्याला, सारखे दुसऱ्याची सोय बघणारे. मला खुर्ची दिली आणि स्वतः गादीच्या कडेवर बसला. मी विचारलं नव्हतं, त्यानं आपणहून सांगितलं. फर्स्ट शिफ्ट होती. दोनला फोन आला. त्यानं गेटवर उभ्यानंच आमचं ॲप उघडलं, उदगीरची गाडी काढली. स्क्रीनवर आलं, "सर्व जागा भरल्या आहेत." अब्बांचं काउंटर बंद आहे हे त्याला माहीत होतं. मग तो भोसरीला आलाच नाही. मिळेल त्या गाडीनं स्टेशन, तिथून एसटीनं सोलापूर, तिथं ताटकळत, मग लातूर. घरच्यांनी सकाळी दहापर्यंत वाट बघितली. उन्हाचे दिवस, वडीलधारी म्हणाले आता थांबवत नाही. तेव्हा तो लातूरच्या स्टँडवर उभा होता. भगवानची गाडी पहाटे साडेपाचलाच उदगीरला लागली होती.

"भगवानला फोन का नाही केलास?" मी विचारलं. "त्यानं मांडीवर बसवून नेलं असतं तुला."

"डोकंच चाललं नाही ताई," तो म्हणाला. "आणि ॲपवर फुल होतं ना."

त्यानं मला दोष दिला नाही. आवाजात कुठे बोच नव्हती. त्यापेक्षा त्यानं मला हाकलून दिलं असतं तर मी नीट घरी गेले असते.

त्या दिवशी तीन नंबरवर कोण होतं ते बघायला मी याद्या उघडल्या. साखरपुड्याला निघालेला कुणी मुलगा होता, त्याचा बिचाऱ्याचा काय दोष. आदल्या दिवशी दुसरं कुणी. त्याच्या आदल्या दिवशी तिसरंच. आणि त्याच्या मागे, चाचा, तुम्ही उदगीरला निघालात त्या दिवसापासून मागे थेट आपल्या भांडणाच्या दिवसापर्यंत, तीन नंबरवर रोज एकच प्रवासी. नाव: मुसाफिर. वय: नव्व्याण्णव. वय टाकल्याशिवाय माझी स्क्रीन पुढे जात नव्हती म्हणून नव्व्याण्णव. बुकिंग तुमच्या काउंटरवरून, रोज सकाळी, गाडीची विक्री उघडल्या उघडल्या. पदरमोड करून तुम्ही माझ्याच ॲपमध्ये माझ्याविरुद्ध जागा धरत होतात.

आमच्या ऑफिसात ह्या मुसाफिराची थट्टा चालायची, हेही सांगून टाकते. रोज तिकीट काढतो आणि बहुतेक वेळा गाडीत चढत नाही, असा कोण हा बाबा, म्हणून. निखिल म्हणायचा, तिकीट जातंय ना, मग आपल्याला काय. मीही हसले होते.

मी भगवानला गाठलं. मधल्या काही तारखांना मुसाफिर गाडीत बसल्याची नोंद होती. ते कोण होते, एवढंच विचारलं. त्यानं तारखा बघितल्या नाहीत, माणसं सांगितली. चाकणच्या पेंट शॉपमधला एक, त्याचा बाप गेला होता, हाताचा रंगसुद्धा पुसला नव्हता. मोशीच्या साइटवरची एक बाई, बहिणीसाठी निघालेली, तिच्याजवळ पिशवीसुद्धा नव्हती. एक म्हातारा, तो कशासाठी निघालाय ते शेवटपर्यंत बोलला नाही, आणि भगवाननंही विचारलं नाही.

"मला सांगितलं का नाहीस?" मी म्हटलं.

"चाचा नको म्हनले. म्हनले, पोरगी कामात हाय, तिचं चांगलं चाललंय, तिला कशाला खाली बघायला लावायचं."

तिथंच रडले मी. गाडीच्या पायरीवर बसून, भोसरीच्या भर रस्त्यात. भगवाननं पाण्याची बाटली दिली आणि आरसा पुसत उभा राहिला.

आता पुढचं ऐका, कारण इथून मी रडलेले नाही.

सोमवारी ऑफिसात मी सांगितलं की तीन नंबर विक्रीतून काढायची, प्रत्येक गाडीत, गाडी भोसरी सोडेपर्यंत. निखिल वाईट माणूस नाही. तोही हळहळला. म्हणाला, करूया, फॉर्म बनवू. कारण निवडायचं: मृत्यू, अपघात, गंभीर आजार. सोबत कागद जोडायचा. मी म्हटलं, आई गेल्यावर कारण निवडायला लावणारी यादी मी आखणार नाही. तो म्हणाला, लोक गैरफायदा घेतील. मी तुमचंच उत्तर दिलं, तुमच्याच शब्दांत. तो म्हणाला, मग ॲपला कळणार कसं? मी म्हटलं, कळणार नाही. माणसाला कळेल. गाडी भरली की स्क्रीनवर फोनचं बटण येईल आणि फोन माणूस उचलेल.

"कोण माणूस?"

"मी."

"किती दिवस?"

"दुसरं कुणी मिळेपर्यंत. आणि ही जागा राखायची नसेल तर आधी दुसरी डिझाइनर बघ."

बाकीचे चौघे खाली बघत होते. निखिलनं पेनचं टोपण लावलं. मग म्हणाला, "निदान रिकामी जाते किती वेळा, ते मोजायचं का?" मी म्हटलं, मोज, पण तोटा म्हणून मांडू नकोस. आज, बुधवारी, बदल चढला.

"सर्व जागा भरल्या आहेत" हे वाक्य मी स्वतःच्या हातानं पुसलं. त्या जागी काय लिहायचं ह्यावर मला दोन दिवस काही सुचेना. शहाण्यासारखी बरीच वाक्यं लिहिली आणि खोडली. शेवटी तुमच्या स्टुलावर बसून मी रोज संध्याकाळी जे ऐकायचे तेच लिहिलं. गाडी खच्चून भरलेली असली तरी खिडकीशी आलेल्याला तुम्ही म्हणायचात ते. आता माझ्या स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत येतं, "या, बघतो." खाली फोनचं बटण. निखिल म्हणाला, हे "बघतो" पुरुषी आहे, तू उचलणार ना फोन. मी म्हटलं, राहू दे, वाक्य माझं नाही.

इम्राननं काउंटरची किल्ली दिली. मागितली तर म्हणाला, "ताई, अब्बांचा चार्ट तसाच ठेवाल?" ठेवलाय. पेन्सिलही तिथंच आहे. ॲप बंद पडलं तर लागेल, असं मी भगवानला सांगितलंय, आणि तो मनापासून हसला.

आपलं भांडण मिटलेलं नाही, चाचा. माणूस सगळीकडे ठेवता येत नाही हे माझं अजूनही मत आहे. उद्या पन्नास गाड्या झाल्या तर मी एकटी किती फोन घेणार? तुम्ही म्हणाल, पन्नास माणसं ठेव. मी म्हणेन, चाचा, असं कुठे होतं का? त्यावर तुम्ही काय म्हणाला असता, ते मला रोज ऐकू येतं आणि रोज पुरतं ऐकू येत नाही. एवढं मात्र ठरलंय, की ह्यात कुठेतरी वाट काढायची ती जागा न विकता काढायची.

तुमच्याकडे आले त्या पहिल्याच संध्याकाळची माझी वही परवा सापडली. गाडी गेल्यावर तुम्ही चार्टावरच्या त्या गोलाकडे बघून स्वतःशीच पुटपुटला होतात, "शुक्र है मालिक का, खाली गयी." मी वहीत लिहिलं होतं: काउंटरवाले काका सीट रिकामी गेली म्हणून खूश, कारण कळले नाही. पुढे प्रश्नचिन्ह. त्याच दिवशी विचारलं असतं तर.

आज पहिला दिवस होता. पाच वाजता शटर वर केलं, स्टूल पुसलं, फोन चार्जिंगला लावून पुढ्यात ठेवला. सहाला गाडी भरली. साडेसहाला राजगुरुनगरहून सुटली. चाकण झालं, मोशी झालं. मी फोनकडे बघत बसले. दोनदा उचलून बघितला, बंद तर नाही ना म्हणून. पावणेआठला भगवाननं गाडी कमानीपाशी लावली, माणसं चढली, सामान चढलं. मी दारातून आत डोकावले. तीन नंबरवर कुणी नव्हतं. भगवाननं आरशातून मला बघितलं आणि विचारलं, "ताई, आला का कुनाचा फोन?"

"नाही आला."

"मग निघू?"

"निघा."

आज राजगुरुनगरपासून भोसरीपर्यंत कुणाच्या घरी काही झालं नाही. मी चार्टावर पेन्सिलीनं गोल केलं.

शुक्र आहे मालिकाचा, चाचा. रिकामी गेली.